अर्धीच मागितली होतीस

सुपडू, तुझे आठ माग आता ओरिसाच्या एका कारीगराला दिले आहेत. माणूस बरा आहे. धागा तुटला की लगेच धावतो, मास्तरला उलट बोलत नाही. पण पाळी बदलताना तो माझ्याशी बोलत नाही आणि मीही त्याच्याशी बोलत नाही. सात वर्षं ते माग आपण दोघांनी चालवले, बारा तास तू आणि बारा तास मी. त्यामुळे आपण भेटलो ते फक्त पाळी बदलताना, सकाळ-संध्याकाळ पंधरा-वीस मिनिटं. तेवढ्याशा वेळात माणूस किती कळणार, असं कुणीही म्हणेल. मला तर तू माझ्या सख्ख्या भावापेक्षा जास्त कळला होतास. आणि तरी जे कळायला हवं होतं तेच कळलं नाही.

आज तुला जाऊन सोळा दिवस झाले. तेरावं तुझ्या गावी झालं. मागांच्या खात्यातले चार जण गेले होते, मी गेलो नाही. सेठनं रजा दिली नाही असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मी रजा मागितलीच नव्हती.

परभणीहून मी इथे सुरतेला आलो तेव्हा पहिल्या दिवशी मागांच्या खडखडाटानं माझं डोकं बधिर झालं होतं. शंभर माग एका छताखाली चालताना काय आवाज होतो ते ज्यानं ऐकलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. मी कान दाबून कोपऱ्यात बसलो होतो. तू माझ्यासमोर उकिडवा बसलास, दोन बोटं दाखवलीस आणि मग कानावरून हात झाडलास. बाहेर चहाच्या टपरीवर आल्यावर तू त्याचा अर्थ सांगितलास. "दोन हप्ता. मंग काय बी ऐकू येत नही."

"हे मराठी हाय व्हय रे?" असं मी विचारलं तेव्हा तू चिडला होतास.

"मराठीच शे. तुमना आंगे बोलतस नही, येवढंच."

तो वाद आपण सात वर्षं चालवला. मी म्हणायचो, तुमची अहिराणी म्हणजे अर्धी गुजराती. तू म्हणायचास, तुमच्या परभणीची भाषा म्हणजे भांडणच, प्रेमानं बोलला तरी माणूस अंगावर आल्यासारखा वाटतो. भरताच्या वांग्यावरूनही आपण भांडलो. खात्यात मात्र दोघांची भाषा एकच होती, हातांची. मिशीवर बोट फिरवलं की मास्तर येतोय. मनगटावर दोन टिचक्या म्हणजे धाग्याच्या कांड्या संपल्या. आणि अंगठ्याचं नख तर्जनीच्या पेरावर टेकवलं की तुझी गोळी.

तुझं ते दोन हप्त्यांचं बोलणं खरं ठरलं. पंधराव्या दिवशी मला आवाज ऐकू येईनासा झाला. म्हणजे आवाज होताच, कानानं त्याची दखल घेणं सोडलं. प्लेगच्या वर्षी सगळं सुरत रिकामं झालं तेव्हा तू तुझ्या गावी गेलास आणि मी माझ्या. तीन आठवड्यांनी परत आलो तर पहिल्या दिवशी पुन्हा तसंच डोकं फुटायला लागलं. आपण दोघं हसत सुटलो होतो. तू म्हणालास, कान गावाला जाऊन शिकलेलं विसरून आला. मी म्हणालो, तुझा कान शाळेत कधी गेला होता? त्या दिवशी आपण हे बोललो, हसलो, आणि तिथेच सोडून दिलं. सुपडू, सगळं उत्तर तेव्हा आपल्या हातात होतं रे. गेले सोळा दिवस मी त्या हसण्याकडे परत परत जातो.

तू गोळी मी यायच्या आधीपासून घेत होतास. बारा तास उभं राहून तुझी कंबर धरायची. कुणीतरी तुला अफूची ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी दिली आणि कंबर सुटली, असं तू सांगायचास. ज्वारीच्या दाण्यावर तू वर्ष काढलंस. मग तेवढ्यानं काही होईना, म्हणून दाणा मुगाएवढा झाला. मूग सहा-आठ महिने पुरला. प्रत्येक वेळी तू म्हणायचास, बस, आता याच्यापुढे नाही. तू खोटं बोलत नव्हतास. तुला खरंच तसं वाटायचं. पण काल ज्यानं कंबर सुटायची त्यानं आज नुसती जांभई यायची, आणि मग हात आपोआप पुढच्या दाण्याकडे जायचा.

मला नावं ठेवायला जागा नव्हती. मी तंबाखू खातो. पहिल्यांदा चिमूटभर खाल्ली तेव्हा बांधावर आडवा झालो होतो, आता गालात बार भरून झोपतो आणि जिभेलाही कळत नाही. तू मला हे बरोबर ऐकवायचास.

तुझी चुन्याची डबी, तिच्यात तो काळा चिकट गोळा, आणि ती डबी ठेवायची खात्यातल्या माझ्या पत्र्याच्या पेटीत. तुझ्या खोलीवर वैनी शोधून फेकून द्यायची म्हणून. पाळी सोडणाऱ्यानं पुढच्यासाठी कांड्या भरून ठेवायच्या, मागाखालचा कचरा झाडायचा, चहा सांगून ठेवायचा, ही खात्याची रीत. तू माझ्यासाठी तंबाखूही मळून ठेवायचास. मग मीही तुझी गोळी वळून ठेवायला लागलो. तुझ्या हाताला मागाचं तेल असायचं, माझे मी धुऊन यायचो. सात वर्षांत ती कशी वाढली हे तुझ्यापेक्षा माझ्या अंगठ्याला जास्त ठाऊक होतं.

आणि एक गोष्ट मी तुला कधी बोललो नाही. माझी माय गेल्याची तार आली तेव्हा सेठ म्हणाला, माग बंद राहिले तर दुसरा माणूस लावतो. तू मध्ये पडलास. "जाय तू. मी दोन्ही पाळ्या करस." चार दिवस तू दोघांचं काम ओढलंस. मला मायच्या मातीला हात लावता आला, तो तुझ्यामुळे. परत आलो तर तुझे डोळे खोबणीत गेलेले आणि गोळी हरभऱ्याएवढी झालेली. त्या चार दिवसांत उभं राहायला तुला तेवढी लागली, आणि मग ती खाली आलीच नाही. मी डबी उघडून बघितलं, सगळं समजलो, आणि गप्प राहिलो. धन्यवाद म्हणायला तोंड उघडलं असतं तर दुसरंही म्हणावं लागलं असतं. दुसऱ्या दिवसापासून मी हरभऱ्याएवढी वळायला लागलो.

मागच्या वर्षी एकदा मी चिडून विचारलं होतं, "आता तुला चढत बी नाही. मग कामून घेतोस?"

तू चहाची बशी खाली ठेवलीस. "चढासाठे घेत नही रे भो. उभा ऱ्हावासाठे घेस."

तेव्हा मला तुझं बोलणं नुसतं रडगाणं वाटलं. आता त्याचा अर्थ लागतो. सुरुवातीला ती तुला काहीतरी द्यायची, शेवटी शेवटी ती फक्त घेणं थांबवायची. न घेतलीस तर नाकाडोळ्यांतून पाणी, पोटात मुरडा, हात थरथर. घेतलीस तर नुसता इतरांसारखा. हरभऱ्याएवढं विष पोटात घालून तू कसाबसा साधा माणूस व्हायचास.

या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मात्र तू मनावर घेतलंस. घेतलंस कसलं, सिंधूवैनीनं घ्यायला लावलं. तुमच्या खानदेशात आखाजीला पितरांची घागर भरतात, हे मी तुझ्याकडूनच ऐकलेलं. तुझ्या बापाच्या घागरीवर तुझा हात ठेवून वैनीनं शपथ घेववली, पोरीच्या देखत. डबी माझ्याकडे होती, तू ती नेलीच नव्हतीस. सेठनं बदली माणूस लावला आणि महिना-सव्वा महिना तू गावी राहिलास. पहिले आठ दिवस कसे गेले ते तू आल्यावर रंगवून सांगितलंस. गोधडीत गुंडाळून घेतलं, उन्हाळ्यात हुडहुडी भरली, भावानं दोन वेळा खाटेला धरून ठेवलं. नवव्या दिवशी भाकरी मागितलीस. हे सांगताना तुझा चेहरा दहावी पास झालेल्या पोरासारखा झाला होता.

तू परत आलास त्या सकाळी मी तुला ओळखलंच नाही. गाल भरलेले, डोळे निवळलेले. माझ्यासाठी फडक्यात बांधून सांजोऱ्या आणल्या होत्यास. खात्यात पाय ठेवलास आणि दोन्ही कान दाबून मागे सरलास.

"आई वो! पहिला दिनना मायक लागी राहिना!"

मी हसलो. दोन बोटं दाखवली, कानावरून हात झाडला. दोन हप्ते. तूही हसलास.

तुझ्या कानाला तो आवाज पहिल्या दिवसासारखा लागत होता, हे मी डोळ्यांनी बघितलं. तरी तुझं सगळं अंगच पहिल्या दिवसावर गेलं असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

आठ दिवस तू काढलेस. मग कंबर बोलायला लागली. एका सकाळी तू पेटीकडे बघितलंस आणि मी मान फिरवली. दुसऱ्या सकाळी तू अंगठ्याचं नख पेरावर टेकवलंस. मी म्हणालो, "वैनीला काय सांगशील?" तू म्हणालास, "तुले काय करनं?" आपण टपरीवर भांडलो. तू मला म्हणालास की तुझी तंबाखू सोड, मग मला शिकव. मी म्हणालो, मी बापाच्या घागरीवर हात ठेवला नव्हता. तू चहा तसाच टाकून आत गेलास. ते भांडण तिथंच राहिलं, आणि आपलं शेवटचं धड बोलणं ते ठरलं.

तिसऱ्या सकाळी मी बारा तास उभा राहून वैतागलो होतो. एका मागानं सारखा धागा तोडून जीव खाल्ला होता. तू दारातून आलास, कंबरेवर हात. मग माझ्याजवळ येऊन हात जोडावेत तसं काहीतरी केलंस.

"आज दे भो. पन अर्धीच दे."

आवाजात ऐकू जाणार नाही म्हणून तू खूणही केलीस. एका हाताचं बोट आडवं धरून दुसऱ्या हाताच्या बोटानं ते मधोमध कापून दाखवलंस. मला नीट ऐकू आलं होतं, नीट दिसलंही होतं. मी कुणाच्या माथी काही मारत नाही. आवाजाच्या तर मुळीच नाही.

मी पेटी उघडली, डबी काढली आणि अंगठ्याला पाठ असलेलं माप वळलं. हरभरा. तू तो तळहातावर घेऊन माझ्याकडे बघितलंस आणि पुन्हा बोट कापून दाखवलंस.

"घ्यायची तर पुरी घे," मी तुझ्या कानात ओरडलो. "अर्ध्यानं तुझं काय व्हणारंय? उद्या पुन्हा माझं डोकं खाशील."

असं मी का म्हणालो? रागानं, हे खरं. पण नुसता राग नव्हता, सुपडू. कमी पडली की तुझे काय हाल होतात ते मी सात वर्षं बघितलेले. दाणा लहान पडला म्हणून भिंतीला टेकून ओकणारा तू माझ्या डोळ्यांसमोर होतास. ही चीज पुरेनाशी होते, वाढत जाते, एवढंच मी शिकलो होतो. महिनाभर सोडली की ती उलट्या पायानं खाली येते, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी स्वतः शिकायला हवं होतं, तुझ्या कानांवरच्या हातांकडे बघून.

तू गोळी पैरणीच्या खिशात ठेवलीस. मी घरी येऊन सांजोरी खाल्ली आणि झोपलो.

संध्याकाळी सातला आलो तर बाहेरूनच माझ्या लक्षात आलं. ज्या कानाला काही ऐकू येत नाही त्याला आपले आठ माग बंद असलेले बरोबर कळले. आत गेल्यावर सगळ्यांनी सांगितलं. दुपारच्या सुट्टीत तू भाकरी खाल्लीस, गोळी घेतलीस, आणि कापडाच्या ताक्यांच्या कडेला आडवा झालास. गावाहून आलाय, सुस्ती आहे, म्हणून मास्तरनं उठवलं नाही. घोरतोय असं सगळ्यांना वाटलं. चारला कुणीतरी हलवलं तेव्हा ओठ निळे पडले होते. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा तुझ्यावर चादर घातली होती.

तिथली डॉक्टरीण तरुण होती, गुजराती. मला तुझा भाऊ समजली. किती दिवस बंद होती असं तिनं विचारलं. मी सांगितलं, महिन्याच्या वर. ती थोडा वेळ कागदावर लिहीत राहिली, मग म्हणाली, "बंध राखे एटले शरीर भूली जाय. पछी जूनुं माप झेर थई जाय." बंद ठेवली की शरीर विसरतं, मग जुनं माप विष होतं. मला खात्याचं दार दिसलं आणि कान दाबून मागे सरणारा तू दिसलास.

पोलिसानं विचारलं, कुठून आणली, कुणी दिली? मी म्हणालो, माहीत नाही. त्याच संध्याकाळी मी डबी खाडीत फेकली.

आणि मग लोक बोलायला लागले. महिन्याची भूक होती, परत आल्या आल्या हावऱ्यासारखी दुप्पट खाल्ली. टपरीवर, पाण्याच्या नळावर, सगळीकडे हेच. मी ऐकत होतो आणि तंबाखू मळत होतो. तू हावरा नव्हतास हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. ते सांगायचं तर बाकीचंही सांगावं लागणार, म्हणून सोळा दिवस मी तुला हावरा ठरू दिलं. तुझ्या मरणानं मला रडू आलं ते आलंच, पण या गप्प बसण्यानं मी मनातून मेलो. मायच्या वेळी गप्प बसलो होतो तसाच.

पोरीची शाळा उघडणार म्हणून वैनी काल डिंडोलीला, तुमच्या खोलीवर परत आली. आज सकाळी पाळी सुटल्यावर मी घरी न जाता तिकडे गेलो. पोर बाहेर पुस्तकांना खाकी कव्हरं घालत बसली होती. वैनीनं पाण्याचा तांब्या ठेवला आणि भिंतीकडे बघत म्हणाली, की तुमच्या दोस्तानं माझी शपथ पायाखाली घातली. बापाच्या घागरीवर हात ठेवला आणि आठ दिवसांत दुप्पट खाल्ली. पोरीचंसुद्धा तोंड आठवलं नाही त्याला. रडत नव्हती. तिच्या भावजयीनं मला दारातच सांगितलं होतं, ही तेव्हापासून रडली नाही.

पाणी न पिता मी सांगायला लागलो. डबी, पेटी, माझा अंगठा, सगळं. माझी मान खाली होती. ती मला हाकलून देईल, चप्पल उचलेल, पोलिसात जाईल, काय वाटेल ते करो असं मनाशी ठरवून गेलो होतो. माझं संपलं. बाहेर पोरीच्या कागदाचा आवाज येत होता.

मग तिनं विचारलं, "किती मांगी व्हती त्यानी?"

"अर्धी," मी म्हणालो. आणि तिला खूण करून दाखवली, तू केली होतीस तशी. एक बोट आडवं, दुसऱ्यानं मधोमध कापलेलं. "दोनदा केली, वैनी. मीच दिली पुरी."

ती माझ्या बोटांकडे बघत राहिली. "अर्धी मांगी," ती स्वतःशीच म्हणाली. "म्हंजे मन्ही शपथ त्याले याद व्हती."

आणि मग ती रडली. पदर तोंडात घालून, सोळा दिवसांचं एकदम. पोर आत धावत आली तर तिनं तिला जवळ ओढलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवत तेच तेच सांगत राहिली. तुना बापनी अर्धीच मांगी व्हती. मी उठलो. मला तिनं माफ केलं असं मी म्हणत नाही, तिनं माझ्याकडे पुन्हा बघितलंही नाही. दाराशी पोचलो तेव्हा मागून आवाज आला, "आखाजीले त्यानी घागर भरसूत. तुम्ही येऊ नका."

नाही येणार, सुपडू. त्या दिवशी मी पाळीवरच असेन. टपरीवर मात्र आज संध्याकाळी सगळ्यांसमोर मी बोललो. डबी कुणाच्या पेटीत होती तेही सांगितलं. दोन जण उठून गेले. तुझ्या मागांवरचा ओरिसावाला तिथेच होता, त्याला आपली भाषा फारशी समजत नाही. सगळं ऐकून झाल्यावर त्यानं मला हातानं विचारलं, काय झालं? मी एक बोट आडवं धरलं आणि दुसऱ्यानं मधोमध कापून दाखवलं. अर्ध्याची ती खूण खात्यात सगळ्यांची एकच. त्यानं मान हलवली. त्याला समजलं.